कूलर, वेताळ आणि आधार कार्ड

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच माणसाने काय करावं, तर काहीच करू नये, पडून राहावं. पारा 45 च्या वर, रस्त्यावर कुत्रं नाही, घराघरात कूलर सुरू आणि खिडकीतून ओल्या वाळ्याचा वास. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागला की तर आमची ही पोट्ट्यांना अंगणातसुद्धा जाऊ देत नाही, खिशात कांदा ठेवला तरी नाही. आता अशात हैदराबादहून आलेली दोन नातवंडं, मोठी आठ वर्षांची, बारका साडेपाच वर्षांचा, दोघांचे टॅब त्यांच्या आईने इथे पोचल्या पोचल्या आलमारीत कुलुपात टाकलेले, तर मग हे पाच तास काढायचे कसे? कॅरम झाला, पत्ते झाले, सापसिडीत मारामारी झाली. शेवटी मी पुस्तक काढतो. मागच्या चार उन्हाळ्यांपासून आमचं हे असंच सुरू आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहून काढावं कोणती पुस्तकं चालली आणि कोणती आपटली.

आधी कबूल करून टाकतो, माझ्या स्वतःच्या पोराला मी कधीच काही वाचून दाखवलं नाही. शिफ्टची नोकरी होती. सकाळची शिफ्ट असली की तो झोपलेला असताना निघायचो, नाईट असली की दिवसभर मी झोपलेला. त्याला सगळं आईनेच सांगितलं, आणि ती वाचत नाही, ती तोंडानेच सांगते, तो वेगळाच प्रकार आहे, त्यावर पुढे येतो. म्हणजे साठी उलटल्यावर मी या कामात शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो असं समजा.

आणि शिकाऊ माणूस जी चूक करतो ती मीपण केली. मला लहानपणी जी पुस्तकं आवडली होती ती सगळी बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन घेऊन आलो. तीन पिशव्या. त्यातली निम्मी तर पाच मिनिटंसुद्धा टिकली नाहीत. तेव्हा लक्षात आलं की चांगलं पुस्तक वेगळं आणि वाचून दाखवायला चांगलं पुस्तक वेगळं. मनातल्या मनात वाचताना आपल्याला जी लांब लांब सुंदर वाक्यं भावतात ना, ती कूलरच्या आवाजात मोठ्याने वाचायला घ्या, तिसऱ्या ओळीला दम लागतो आणि तोवर बारका पलंगाखाली गेलेला असतो. आमचा कूलर म्हणजे जुना लोखंडी, पंखा असा घरघरतो की त्याच्यापुढे कुजबुजण्याचा सीन जमतच नाही. पुस्तकात लिहिलेलं असते "राजकन्या हळूच म्हणाली", आणि मी ओरडून सांगून राहिलो, "मला वाचवा!" तर मोठी म्हणते, आबा, हळू म्हणाली ना ती, तुम्ही काहून ओरडून राहिले?

सगळ्यात जास्त चाललं काय, तर विक्रम-वेताळ. मला वाटलंच नव्हतं. आमच्या लहानपणी सावनेरला चांदोबा यायचा, एक अंक सात घरांत फिरायचा आणि आमच्याकडे येईपर्यंत त्याला तेलाचे, हळदीचे, सगळ्याचे डाग. चांदोबा मराठीत 1952 मध्ये सुरू झाला, मी शाळेत जायला लागलो तोवर तो चांगला रुळला होता. आणि ते चित्र, राजा हातात तलवार घेऊन चाललाय, खांद्यावर प्रेत, मागे स्मशान. ते काढणारे चित्रकार शंकर 2020 मध्ये वारले तेव्हा बातमी वाचून मी खरंच थोडा वेळ गप्प बसलो होतो, एवढी वर्षं ते चित्र डोक्यात होतं आणि माणसाचं नाव तेव्हा नीट कळलं. वेताळाच्या मूळ गोष्टी 25, सोमदेवाच्या कथासरित्सागरात आहेत, अकराव्या शतकातल्या. चांदोबावाले मात्र 25 वर थांबले नाहीत, वर्षानुवर्षं दर महिन्याला नवीन काढत गेले, वेताळाची सुटका नाही आणि राजाचीही नाही.

तर वाचून दाखवायला ही गोष्ट भारी काहून आहे सांगतो. गोष्ट संपत आली की वेताळ प्रश्न विचारतो आणि धमकी देतो, उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील. तिथे पुस्तक बंद करायचं. बस. पुढचं पान उलटायचंच नाही. पोरं आपोआप भांडायला लागतात. शाळेत धड्याखाली प्रश्न असतात ते कोणालाच आवडत नाहीत, पण इथे प्रश्न विचारणारा झाडाला उलटा लटकलेला आहे ना, त्याला उत्तर द्यावंच लागते.

ती मुंडकी बदलण्याची गोष्ट माहीत असेल. नवरा आणि सोबतचा दुसरा माणूस, कुठे भाऊ सांगतात कुठे मित्र, दोघंही देवीच्या देवळात डोकं वाहून टाकतात, मग देवी बायकोला म्हणते, जोड मुंडकी, जिवंत करते, आणि ती घाईघाईत याचं त्याला आणि त्याचं याला लावून बसते. आता नवरा कोणता? कार्नाडांचं हयवदन नाटक याच गोष्टीच्या घराण्यातलं आहे. आमच्या हिचं म्हणणं होतं की पोरांना हे मुंडकी कापाकापीचं काय सांगता, रात्री उठतील घाबरून. कोणी उठलं नाही. उलट मोठीने दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाली, आधार कार्डावर कोणाचा फोटो आहे ते बघायचं, ज्याचा चेहरा तोच नवरा. मी उडालोच, कारण विक्रम राजाचं उत्तर हेच आहे, सगळ्या अंगात डोकं मुख्य, म्हणून डोकं ज्याचं तो नवरा. मी तिला शाबासकी देणार तेवढ्यात स्वयंपाकघरातून, कैऱ्या किसता किसता, आजीचा आवाज आला, "आणि अंगठा कोणाचा लावशील मग?"

झालं. पुढचा अर्धा तास अंगठ्यावर. बँकेत गेला तर फोटो एकाचा आणि अंगठा दुसऱ्याचा, पैसे कोणाला भेटणार, रेशन कोणाला भेटणार. हजारेक वर्षं पंडितांनी याच्यावर डोकं लावलं असेल, पण अंगठ्याचा मुद्दा कोणी काढला नसेल. मला आजही उत्तर देता येत नाही.

बारक्याला मात्र या गोष्टींमध्ये भलतीच अडचण होती. तो दर वेळी चिडायचा. राजाने उत्तर दिलं की वेताळ उडून परत झाडावर, आणि राजा परत मागे. "काहून बोलला तो? गप्प बसला असता तर घरी गेला असता ना!" मी म्हटलं, अरे गप्प बसला तर डोकं फुटेल. तर म्हणे, मग उत्तर माहीतच नाही असं म्हणायचं. खोटं बोलायचं का? तर तो विचारात पडला. आणि हे सगळं माझ्या पाठीवर लटकून, कारण तो वेताळ आणि मी राजा, गादीपासून देवघरापर्यंत आणि परत. 18 किलोचा वेताळ आहे. मागच्या वर्षी मला त्यापायी चार दिवस कमरेला पट्टा लावून बसावं लागलं, डॉक्टरला खरं कारण सांगितलं नाही, बादली उचलली म्हणून सांगितलं.

आता आपटलेल्या पुस्तकांचं. एक सेट ऑनलाइन मागवला होता, दहा पुस्तकं, चकचकीत कागद, स्वस्तात भेटला. कोणी काढला ते लिहीत नाही. सशाला एका चित्रात पाच पाय होते, हे मोठीनेच दाखवलं. "मुगी" लिहिलेलं, अनुस्वारच गायब, आणि एका गोष्टीत कोल्हा मध्येच लांडगा झाला आणि शेवटी परत कोल्हा. पण त्याहून वाईट म्हणजे दर गोष्टीच्या शेवटी चौकटीत, ठळक अक्षरात, तात्पर्य. बारक्याला वाचता येत नाही पण ती चौकट कळायला लागली, ती दिसली की तो म्हणायचा, संपलं, आता रागावणार. मग त्याने तो शब्द घरभर वापरायला सुरुवात केली. माझ्या हातून चहा सांडला, "तात्पर्य काय?" लाइट गेली, "तात्पर्य काय?" शेजारचे काका येऊन तासभर बसले आणि गेले, दार लागल्या लागल्या, "आबा, तात्पर्य काय?" काकांनी ऐकलं असावं असं मला वाटते, कारण ते त्यानंतर आठ दिवस आले नाहीत. इसापाच्या गोष्टी मुळात इतक्या छान, कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणून सोडून जाऊ द्या ना, पोरांना कळतेच तो खोटं बोलला ते, वर परत कशाला सांगायचं. मी आता त्या चौकटींवर पट्ट्या चिकटवल्यात, वहीच्या कव्हराला लावतात ना त्या नावाच्या.

श्यामची आई. हे लिहायला मला जड जाते. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 1933 मध्ये लिहिलेलं हे पुस्तक आमच्या घरात पोथीसारखं होतं, 42 रात्री, माझी आई रोज एक रात्र वाचायची आणि रडायची आणि आम्ही सगळे रडायचो, तोच कार्यक्रम होता. मी मोठ्या हौसेने सुरू केलं. तिसऱ्या रात्रीला माझाच गळा भरून आला, वाचता येईना, आणि दोन्ही पोरं घाबरून माझ्याकडे पाहून राहिली, बारक्याने जाऊन तांब्याभर पाणी आणून दिलं. आजोबा रडतात हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. मोठीने आईला फोनवर सांगितलं की आबांना बरं नाहीये. आता काय सांगावं. मग मी बेत बदलला, सगळ्या रात्री सलग नाही, निवडून. पोहायला घाबरून लपून बसलेला श्याम आणि त्याला शिंपटीने मारून विहिरीवर पाठवणारी आई, ती रात्र जमली, कारण मोठी नुकती स्विमिंग क्लासला जायला लागली होती आणि तिला पण पहिल्या दिवशी असंच ढकललं होतं म्हणे. तिने श्यामची बाजू घेतली, आईची नाही. माझ्या आईला हे पटलं नसतं. मला चाललं.

फास्टर फेणे मी मोठीसाठी काढला, बारक्याला झोपवून. भा. रा. भागवतांची वाक्यं तोंडात अशी बसतात की बस, आखूड, पळती, मध्येच तो बनेश "ट्टॉक" करतो की झालं, आपल्यालाही करावं लागते. मला दातांच्या कवळीमुळे नीट येत नाही, तिला येते, तर जिथे ट्टॉक येईल तिथे ती करणार आणि मी पुढे वाचणार अशी वाटणी झाली. ही युक्ती कोणालाही सांगेन, एक आवाज पोरांकडे देऊन टाकायचा. तो येईपर्यंत ते कान देऊन ऐकतातच, चुकून सुटायला नको म्हणून. अडचण फक्त जुन्या वस्तूंची. जुन्या पुस्तकात कुठे तार आली की थांबावं लागते. तार म्हणजे काय, तर मोजून शब्द, शब्दाला पैसे. ते 2013 च्या जुलैत बंदच झालं, ही जन्मायच्या आधीच. म्हणे, म्हणजे व्हॉट्सॲप पण खूप हळू? मी म्हटलं हाव, आणि तो मेसेज घेऊन सायकलवर माणूस यायचा, आणि तो दिसला की बायका आधीच रडायला लागायच्या. "काहून?" कारण चांगल्या बातमीला कोण पैसे खर्च करते. त्या दिवशी फास्टर फेणे दोन पानं झाला आणि तार एक तास.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे लिहायला बसलो. पुस्तकं सगळी पुण्या-मुंबईच्या मराठीत आणि माझं तोंड नागपूरचं. मी वाचता वाचता बदलत जातो, मला कळतसुद्धा नाही. पुस्तकात "कपाट", मी वाचतो "आलमारी". पुस्तकात "शेंगदाणे", माझ्या तोंडातून "फल्लीदाणे". "काय करतो आहेस" लिहिलंय आणि मी म्हणतो "काय करून राहिला". मोठी शाळेत हिंदी शिकते, त्यामुळे देवनागरी तिला येते, हळू हळू वाचते, आणि तिला माझ्या खांद्यावरून डोकावून चुका पकडायची भारी हौस. एक दिवस गोष्टीतली म्हातारी भाजी करून राहिली होती, वरून हिरवीगार कोथिंबीर घातली असं काहीतरी होतं. मी वाचलं, वरून सांबार टाकला. बारका हैदराबादचा, त्याच्यासाठी सांबार म्हणजे इडलीसोबतचा. "भाजीत सांबार? पूर्ण वाटी?" मोठी म्हणाली, आबा, इथे कोथिंबीर लिहिलंय, तुम्ही खोटं वाचून राहिले. मी म्हटलं, अगं आपल्याकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. तर दोघांनी स्वयंपाकघरात जाऊन आजीला विचारलं, आजीने जुडी वर करून दाखवली, हा काय सांबार. तेव्हा कुठे माझी सुटका झाली. नंतर बारक्याने हैदराबादला जाऊन भाजीवाल्याकडे मराठीत सांबार मागितला आणि तो बिचारा तेलुगूमध्ये काहीतरी बोलला, ते सगळं सुनेने सांगितलं.

पहिले मला वाटायचं असं बदलू नये, पुस्तक आहे तसं वाचावं, लेखकाने विचार करून शब्द ठेवलेला असतो. आता वाटते बदलावं आणि पकडलं जावं. कारण त्या पकडापकडीत त्या पोरीला दोन्ही शब्द येऊन गेले. आणि दुसरी एक गोष्ट आहे जी कागदावर दिसतच नाही. आपला च. चार म्हणताना वेगळा आणि चाक म्हणताना वेगळा, लिहायला एकच. ज आणि झ चं पण तेच, पाण्याचा जग आणि हे सगळं जग, अक्षर तेच, तोंडात जीभ वेगळ्या जागी. माझा आणि माझी म्हणून पाहा, झ बदलतो. हिंदी शिकलेलं पोर सगळे च एकाच तऱ्हेने वाचते, मोठीने "गाईने चारा खाल्ला" असं वाचलं की बारक्याने विचारलं, चार काय खाल्ले? हे शिकवायचं कसं? नियम सांगत बसलात तर पळून जातील. ऐकूनच येते ते, दुसरा रस्ता नाही. ळ चं तर विचारूच नका, तिच्या शाळेतल्या हिंदीत ळ नाही, ती "बाल" आणि "बाळ" एकच वाचायची. आणि माझी आजी तर शाळेला शाया म्हणायची आणि डोळ्यांना डोये, वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणजे आमच्या घराण्यात ळ एका पिढीने टाकून दिला, मग शाळामास्तरांनी परत आणला, आणि आता हैदराबादला परत हरवून राहिला. मी या उन्हाळ्यात मुद्दाम ळ वाल्या गोष्टी निवडल्या. भोपळा, कावळा, केळी, तळं. "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" हे दिवसातून पन्नास वेळा म्हणायला लावलं की जीभ आपोआप मागे वळते.

भोपळ्यावरून आजीचं सांगतो. ती पुस्तक हातात घेत नाही. चष्मा शोधायचा कंटाळा हे एक कारण, पण खरं म्हणजे तिला माझं वाचणं फिकं वाटते. चिऊताईच्या घराचं दार ती जेवढा वेळ बंद ठेवते तेवढा वेळ कोणत्याही पुस्तकात बंद नसते. थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब पावडर लावते, थांब तीट लावते, पुस्तकात हे तीन-चार वेळा येते आणि दार उघडते, आमच्याकडे बाळाचं लसीकरण होते, बाळाचे केस कापायला जातात, बाळाच्या शाळेत पालकसभा असते, आणि कावळा बाहेर पावसात भिजून राहिला. बारका हसून हसून गादीवर लोळतो. मी एकदा तीच गोष्ट छापील पुस्तकातून वाचली तर म्हणाला, आबा, तुमच्या पुस्तकात पानं कमी आहेत का?

मग मला अशी पुस्तकं शोधावी लागली ज्यात बोलायला जागा आहे. तिथे माधुरी पुरंदरे कामी आल्या. त्या लिहितातही स्वतः आणि चित्रंही स्वतः काढतात, त्यामुळे जे चित्रात दिसते ते शब्दात परत सांगत बसत नाहीत. राधाचं घर, यशच्या गोष्टी, यातली घरं आपल्या घरांसारखी असतात, पसारा असतो, कोणी कोणाला उपदेश करत नाही. चित्रवाचन नावाचं त्यांचं पुस्तक आहे, त्यात तर चित्रं पाहायची आणि आपणच बोलायचं. पहिल्यांदा मला वाटलं पैसे वाया गेले, वाचायचं काय यात? एका चित्रावर आम्ही चार दुपारी काढल्या. बारक्याने प्रत्येक माणसाला नाव दिलं, नातं दिलं, कोण कोणावर रागावलं आहे ते ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी एकाचं नाव विसरलो तर मला परत पहिल्यापासून सुरू करायला लावलं.

किशोरचं पण सांगून ठेवतो. बालभारतीचं मासिक, 1971 पासून निघते, मी तेव्हा बारा वर्षांचा. आता त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला भेटतात, मी एका दुपारी फोनवर माझ्या वेळचा अंक उघडला आणि त्यातलं एक कोडं मी लहानपणी सोडवलं होतं ते ओळखलं. पोरांना काही विशेष वाटलं नाही. ठीक आहे, तो माझा खाऊ होता. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पण मराठी गोष्टी ढीगभर आहेत, त्याही फुकट, काही भाषांतरं जरा खडबडीत आहेत पण दोन-चार वाक्यं एका पानावर आणि मोठं चित्र, बारक्याच्या वयाला बरोबर.

तोत्तोचान मात्र वेगळ्या रस्त्याने गेलं. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलं, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे. एका पोरीला शाळेतून काढून टाकतात आणि ती दुसऱ्या शाळेत जाते जिथे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यात भरतात. मुख्याध्यापक पहिल्या दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. मोठीला आधी चार तास पटेचनात. घड्याळ लावून बघू म्हणाली, आणि माझ्याशी बोलायला लागली, मला मध्ये बोलायची बंदी. सत्तावीस मिनिटांत तिचे विषय संपले आणि माझा डोळा लागला होता, यावरून अजून भांडण आहे. पण डब्यातली शाळा डोक्यात बसली. मग एका सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत, दोघांना घेऊन मोतीबागला गेलो, नॅरोगेजचं रेल्वे म्युझियम आहे ना तिथे. आमच्या काळात नागभीडला जायची ती छोटी गाडी, 2019 मध्ये बंद झाली, तिच्यासारखी इंजिनं डबे तिथे उभे आहेत. एका डब्याजवळ सावलीत बसून पुढचं प्रकरण वाचलं. येणारी जाणारी माणसं बघून राहिली, मी जरा लाजलोच, कूलरच्या सवयीने आवाज भलता मोठा लागला होता. बारक्याला शाळेत काही रस नव्हता, त्याला इंजिनाला हात लावायचा होता. मोठीने विचारलं की पुढे ती शाळा आहे का अजून. मी म्हटलं नाही, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली. पुस्तकात ते शेवटी येते, मी तिथेच सांगून बसलो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की बस. पुढची गोष्ट आधी सांगून टाकायची नाही, हे मला माहीत असायला पाहिजे होतं. येताना संत्रा बर्फी घेऊन दिली तरी बोलली नाही.

आता ते परत हैदराबादला आहेत. रविवारी रात्री साडेआठला व्हिडिओ कॉलवर वाचतो. पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं की मला माझ्या स्क्रीनवर अक्षरं उलटी दिसतात, मी घाबरून पुस्तक उलटं करायचो, आणि तिकडून दोघंही ओरडायचे, आबा सरळ धरा, आम्हाला बरोबर दिसून राहिलं होतं. महिनाभर गेला हे समजायला. चष्मा, पुस्तक, फोन, तीन वस्तू आणि हात दोन, म्हणून आता ही फोन धरून बसते आणि मध्ये मध्ये स्वतःचं घालते, म्हणजे शेवटी सांगते तीच.

मागच्या रविवारी वेताळाचा प्रश्न आला आणि नेमकी आमच्याकडे लाइट गेली, वायफाय गेलं, कॉल कटला. मी म्हटलं जाऊ दे, पुढच्या रविवारी. सोमवारी सकाळी सहाला उठून फोन पाहिला तर सुनेच्या नंबरवरून बारक्याचा आवाज, चौदा सेकंदांचा. "आबा, मला उत्तर माहीत आहे. पण मी सांगितलं तर तो उडून जाईल ना, आणि नाही सांगितलं तर माझं डोकं फुटेल. म्हणून मी मम्मीला सांगून ठेवलं आहे. तुम्ही तिला विचारा."